घरच्या बागेत तळं: पाणी भरण्याआधीची तयारी

बागेतल्या तळ्याचं बहुतेक काम ते कोरडं असतानाच उरकायचं असतं. एकदा पाणी भरलं आणि जीव राहायला आले, की नंतर केलेली प्रत्येक दुरुस्ती त्यांच्या मुळावर येते. त्यामुळे कुदळ हातात घेण्याआधी काही दिवस नुसती जागा बघा. ऊन सकाळी कुठे असतं, दुपारी कुठे सरकतं, पाऊस पडला की पाणी कुठून वाहतं? दिवसातले काही तास ऊन हवंच, पण दिवसभर तापणारी जागा छोट्या तळ्याला सोसत नाही. मोठ्या झाडाच्या थेट खाली नको: पडलेला पाला तळाशी कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो, शिवाय मुळं तळ्यात अंथरलेलं प्लॅस्टिकचं किंवा रबरी अस्तर फाडतात. बागेतली सगळ्यात सखल जागा मोह घालते, पण खत आणि औषध फवारलेल्या वाफ्यांचं पाणी तिथेच उतरतं. जरा वरची जागा बरी. खालून पाइप किंवा विजेची केबल गेली आहे का, हेही खणण्याआधी विचारून घ्या. घरात रांगतं-चालतं मूल असेल तर काही इंच पाणीसुद्धा जिवावर बेतू शकतं. तेव्हा कुंपण किंवा पाण्यावर बसणारी पक्की जाळी आधी ठरवायची, तळं मग. मूल फारच लहान असेल तर मी म्हणेन, दोन-तीन वर्षं थांबा.

आता आकार. जमिनीवर दोरी किंवा रबरी नळी टाकून तो आखा, आणि खोलीचा विचार थोडा बाजूला ठेवा. लोक खोल खड्ड्याच्या मागे लागतात, पण तळ्यातली खरी वर्दळ काठाजवळच्या उथळ पाण्यात असते. तिथे ऊन तळापर्यंत पोचतं, पाणी लवकर कोमट होतं, बेडकाची पिल्लं चरायला तिथेच येतात. पक्ष्यांना अंघोळीला दोन-चार सेंटिमीटर पाणी पुरतं. मधमाश्या ओल्या खडीवर बसून पाणी पितात, फुलपाखरं चिखलातले क्षार शोषतात. तेव्हा निदान एका बाजूला तरी असा उतार ठेवा, की मीटरभर आत गेल्यावर 20-25 सेंटिमीटर खोली मिळेल. मध्ये 60 सेंटिमीटर खोल एखादा भाग असला की उन्हाळ्यात आसरा होतो. जिथे पाणी गोठतं तिथे हिवाळ्यातही त्याचाच उपयोग होतो. चारही बाजूंनी सरळ भिंती असलेला हौद मात्र सापळा ठरतो. आत पडलेला छोटा प्राणी बाहेर येऊ शकत नाही. आयता टब पुरणार असाल तर आत दगडांचा चढ रचायलाच हवा.

खणून झाल्यावर काठ सगळीकडे एका पातळीत आहे ना, हे पाणसळीने तपासा. नजरेवर विसंबू नका. पाणी आपली पातळी सोडत नाही, त्यामुळे एक बाजू चार बोटं वर राहिली तरी तिकडे प्लॅस्टिकची काळी पट्टी कायमची दिसते आणि दुसरीकडून पाणी वाहून जातं.

अस्तराचं माप असं काढा: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही टोकांना 30-30 सेंटिमीटर. रुंदीचंही तसंच. म्हणजे 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल तळ्याला 4.8 बाय 3.8 मीटरचा तुकडा लागतो. उतार मंद असेल तर थोडा उरेलच, उरू द्या. ईपीडीएम हे कृत्रिम रबर महाग पडतं, पण ते लवचिक असतं आणि टिकतं. अंथरण्याआधी खड्ड्यातले टोकदार खडे हातांनी चाचपून काढा, त्यावर वाळू आणि जिओटेक्स्टाइल, म्हणजे न कुजणारं कृत्रिम धाग्यांचं जाड कापड, घाला. गोणपाट नको, ते कुजतं.

पाणी पावसाचं मिळालं तर उत्तम, म्हणून खणकाम पावसाच्या तोंडावर संपेल असं बघा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बऱ्याचदा नायट्रेट-फॉस्फेटही, जे शेवाळाला पोसतं. तळाशी बागेची कसदार माती किंवा शेणखत घालू नका, त्याचंही शेवाळच होतं. धुतलेली वाळू आणि खडी पुरे.

वनस्पती तीन प्रकारच्या हव्यात: पाण्याखाली राहणाऱ्या, पानं पाण्यावर पसरणाऱ्या आणि काठावर उभ्या वाढणाऱ्या. या तिसऱ्या प्रकाराला कुणी विसरू नये. चतुराची अळी पाण्यात काही महिने, काही जातींत काही वर्षं काढते आणि वेळ आली की उभ्या देठावर चढते. पाठीवर कातडी उकलते, आतून ओला चतुर बाहेर येतो. देठाला चिकटून राहिलेली रिकामी कात जवळून पाहिली तर तिच्यातून पांढरे धागे लोंबताना दिसतात. ते तिच्या श्वासनलिकांचं अस्तर. चढायला देठच नसेल तर हे सगळं अडतं. रोपं आपल्या भागातली स्थानिक घ्या. जलपर्णी, पिस्टिया, साल्विनिया ही झपाट्याने पसरणारी पाणतणं कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

डासांचं काय, हा प्रश्न शेजारी विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि जुन्या तळ्यात तेवढ्या वेळात बहुतेक अळ्या चतुराच्या अळ्यांच्या आणि पाठीवर उलटे पोहणाऱ्या किड्यांच्या तोंडी जातात. अडचण असते ती नव्या तळ्याची, कारण शिकारी अजून यायचे असतात. त्या काळात दर दोन-तीन दिवसांनी पाण्यात डोकावा, अळ्या दिसल्या की जाळीने काढा. फारच झाल्या तर बीटीआय हे जिवाणूंपासून बनवलेलं औषध वापरता येतं. बागेतल्या कुंड्यांच्या बशा आणि विसरलेल्या बादल्या मात्र आधी पालथ्या करा, डासांचा कारखाना बहुधा तिथेच असतो.

यावर सगळ्यांचा सोपा सल्ला म्हणजे मासे सोडा. सोडू नका. गंबुशिया मासा डासांच्या अळ्या खाईल म्हणून जगभर नेला गेला आणि तो बेडकांची अंडी-पिल्लंही फस्त करतो. रंगीत मासे हवेत तर त्यांच्यासाठी वेगळी टाकी करा. दुसऱ्या तळ्यातून बेडकाची अंडी, पाणी किंवा चिखलही आणू नका. त्याबरोबर कायट्रिड बुरशी येऊ शकते, जिने अनेक देशांत बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या आहेत. पाणकिडे उडत येतात, पाण्यावरून परावर्तित होणारा ध्रुवित प्रकाश त्यांना वरून ओळखू येतो. बेडूक येतात ते जवळपास असले तर. त्यांना लपायला काठालगत थोडं गवत वाढू द्या, लाकडांचा एक ढीग ठेवा. बेडकांमागे कधी साप येतो, म्हणून ढीग दारापासून आणि पायवाटेपासून लांब हवा. पंप, कारंजं, रात्रभर जळणारे दिवे यांचा खर्च वाचवा.

देखभालीला लांब दांड्याची जाळी, एक खरबरीत काठी आणि पावसाच्या पाण्याचं पिंप एवढं जवळ असलं की झालं. सुरुवातीला पाणी हिरवं होईल. ते उपसून पुन्हा भरू नका, नव्या पाण्याबरोबर शेवाळाला नवं खाद्य येतं. उन्हाळ्यात पातळी उतरली आणि काठचा चिखल उघडा पडला तरी बिघडत नाही. तंतूंसारखं शेवाळ काठीला गुंडाळून काढा आणि लगेच टाकून न देता एक दिवस काठावर पसरून ठेवा, म्हणजे त्यात अडकलेले जीव सरकत पाण्यात परत जातात. गाळ काढायचा तो एका वेळी एका कोपऱ्यातला, तोही अंडी-पिल्लांचा हंगाम सरल्यावर.