एकट्याला गाडीवर चढवता येईल अशी फिशिंग कयाक : कशी निवडायची, कशी न्यायची

उन्हाळा तोंडावर आला की इथे न्यू जर्सीत ओळखीतल्या दोघातिघांचा तरी फोन येतो, मासेमारीसाठी कयाक घ्यायचीय, कुठली घेऊ? आणि मग प्रश्न सगळे पाण्यावरचे. उभं राहून गळ टाकता येईल का, पेडलवाली बरी की वल्ह्याची, रॉड होल्डर किती. मी आधी विचारतो गाडी कुठली आहे आणि दर वेळी बरोबर कोण येणारे. लोकांना वाटतं हा विषय बदलतोय.

माझी पहिली कयाक साडेबारा फुटी होती, सीट धरून नव्वद पौंडांच्या वर, म्हणजे ४१ किलो तरी. दुकानातल्या दोन पोरांनी उचलून गाडीवर ठेवली तेव्हा थर्माकोलची असल्यासारखी गेली वर. पहिल्याच रविवारी बार्नेगट बेला (इथली समुद्राची खाडी) गेलो, पहाटे शेजाऱ्याने हात लावला, दिवस मजेत गेला, दोन फ्लूक मिळाले (फ्लूक म्हणजे आपल्या लेप्याचाच भाऊबंद, फक्त अंगाने दांडगा). संध्याकाळी सातला मात्र पार्किंगमध्ये मी एकटा, कयाक ओली, हात ओले, सहा तास वल्हं मारून खांद्यात जीव नाही आणि ती म्हैस काही केल्या एसयूव्हीवर चढेना. पुढचं टोक रॅकवर टेकवून मागे पळत जावं तर तोवर ती आडवी घसरलेली. तिसऱ्या खेपेला मागचा वायपर गेला. शेवटी कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजोबांनी हात दिला. गावाकडे होडी वाळूवर ओढायला दहा माणसं लागतात आणि आरोळी दिली की दहा येतातही, इथे ते नाही. त्या सीझनमध्ये नंतर ती गॅरेजमध्ये भिंतीलाच टेकून होती, दर रविवारी वाटायचं जाऊया, मग ते चढवणं आठवायचं आणि मी आपला चहा करायचो. सप्टेंबरात विकून टाकली.

तर आता निवडायची कशी. सगळ्यात आधी वजन, आणि वजनातही कुठलं वजन ते बघा. कंपन्या बहुतेक वेळा नुसत्या सांगाड्याचं वजन ठळक लिहितात, सीट वेगळी, पेडल ड्राइव्ह वेगळा. सीट निघत असेल तर उत्तमच, ती काढून आत टाकायची, पण काहींची सीट पक्की बसवलेली असते मग ते पाच-सात पौंड दर वेळी तुमच्याच हातात. अंदाज यावा म्हणून सांगतो, लाइफटाइमची टॅमरॅक अँगलर १०० ही दहा फुटी साधी कयाक साधारण ५२ पौंडांची (साडेतेवीस किलो), पर्सेप्शनची पेस्काडोर प्रो १२ साधारण ६४ पौंडांची, आणि होबीची प्रो अँगलर १४, जिच्यावर अक्षरशः उभं राहून नाचता येतं, ती नुसती रिकामीच १२० पौंडांच्या आसपास. ती शेवटची एकट्याने छतावर चढवायच्या भानगडीत पडूच नका, तिला ट्रेलर लागतो. माझं मत, चाळिशी ओलांडलेल्या आणि दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाने छतावर न्यायची असेल तर हातात येणारं वजन ६५ पौंडांच्या आत ठेवावं, कंबर धरायची सवय असेल तर ५५.

घरी करून बघण्यासारखी एक टेस्ट आहे. कयाकचं एक टोक रॅकवर टेकलं की दुसऱ्या टोकाला तुमच्या हातात साधारण अर्धं वजन येतं, म्हणजे ८० पौंडी कयाकचे ४०. इंडियन स्टोअरमधून आणलेल्या बासमतीच्या २० पौंडी दोन पिशव्या एकावर एक घ्या, छातीपर्यंत उचला, तिथे दहा सेकंद धरा, खाली ठेवा, असं पाचदा. आणि हे सकाळी नाही, ऑफिसातून आल्यावर, दमलेलं असताना करायचं. पाचव्यांदा हात थरथरले तर त्या वजनाची कयाक तुमची नाही, दुकानदार काहीही म्हणो.

वजन कमी हवं तर मटेरियल बघा. बहुतेक फिशिंग कयाक साच्यात फिरवून ओतलेल्या पॉलिइथिलीनच्या असतात, दणकट, स्वस्त, दगडावर आपटा काही होत नाही, पण जड. थर्मोफॉर्म केलेल्या (तापवून साच्यावर बसवलेल्या) एबीएस प्लास्टिकच्या, म्हणजे एडीलाइनसारख्या कंपनीच्या, तेवढ्याच लांबीला बऱ्याच हलक्या येतात पण खिशाला चांगलाच चिमटा, आणि खडकाळ किनाऱ्यावर जरा जपून.

आता लांबी. सगळ्यांना वाटतं छोटी म्हणजे चढवायला सोपी. वजनाच्या हिशोबाने हो, पण मागून चढवताना बारा फुटीचं नाक मागच्या क्रॉसबारवर (छतावरच्या आडव्या दांड्यावर) टेकलं तरी शेपटी अजून जमिनीवर असते, म्हणजे ती स्वतःच शिडीसारखी उभी राहते आणि तुम्ही निवांत मागे जाऊन ढकलता. दहा फुटी उंच एसयूव्हीला लावली तर तिचा चढ जास्त खडा होतो, नाक बारपर्यंत पोचवायलाच जास्त उचलावी लागते. त्यामुळे उंच गाडी असेल तर ६० पौंडांची बारा फुटी ही ५५ पौंडांच्या दहा फुटीपेक्षा सोपी जाऊ शकते. खरा त्रास रुंदीचा. ३४-३६ इंच रुंद कयाक पाण्यात खाटेसारखी स्थिर असते पण काखेत मावत नाही, एका हाताने कड धरली की दुसरी कड गुडघ्यावर आपटते, आणि जे-क्रेडलमध्येही (छतावर कयाक कुशीवर ठेवायचा J आकाराचा आधार) नीट बसत नाही. ३१-३२ इंच मला बरी वाटते, बसून मासे धरायला भरपूर झालं.

दुकानात गेलात की एक काम करा, सेल्समनला हात लावू देऊ नका. बाजूचं हँडल धरून कयाक एकट्याने मांडीपर्यंत उचला. हँडल बरोबर मध्यावर असेल तर ती आडवी तराजूसारखी राहते, नसेल तर एक टोक जमिनीला लागतं, आणि मग पार्किंगपासून पाण्यापर्यंत ती तुमच्या घोट्याला मारत जाणार. हँडल कडक प्लास्टिकचं आहे की नुसती दोरी तेही बघा, दोरी बोटं कापते.

आता गाडी. कयाक ६० पौंडांची असली तरी ती साडेचार-पावणेपाच फुटांवर न्यायची की साडेपाच फुटांवर, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या सेडानचं छत तुमच्या छातीशी येतं, मध्यम एसयूव्हीचं कपाळाशी, वर क्रॉसबार, त्यावर जे-क्रेडल म्हणजे अजून अर्धा फूट. माझ्या एका मित्राची जुनी कोरोला आहे, तो मजेत एकटा चढवतो आणि आम्ही एसयूव्हीवाले स्टूल शोधतो. गाडीचं मॅन्युअल काढून चालत्या गाडीच्या छतावर किती वजन चालतं तेही वाचा, बऱ्याच एसयूव्हींना १६५ पौंड (७५ किलो) असतं, काही गाड्यांना जेमतेम १००, आणि त्यात क्रॉसबार आणि क्रेडलचं वजनही धरायचं. गाडीबरोबर बहुतेक वेळा नुसत्या लांब रेल्स येतात, आडवे बार वेगळे घ्यावे लागतात.

मी करतो ती पद्धत सांगतो. चढवायच्या आधी कयाक रिकामी करायची, सीट, क्रेट, बॅटरी, अँकर, पाण्याची बाटली सगळं बाहेर. मग मागच्या टोकाचा ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) उघडून ती तिरकी धरायची, कारण आत कुठूनतरी पाणी शिरलेलंच असतं आणि एक लिटर म्हणजे एक किलो. एकदा माझ्या कयाकमधून बादलीभर निघालं होतं आणि मी आपला वय झालं वय झालं करत बसलो होतो. मग जुनी योगा मॅट (रबरी पाठीची बाथ मॅट असेल तर अजून छान, घसरत नाही) गाडीच्या मागच्या काचेच्या वरच्या कडेवर टाकायची, काचेवर नाही, छताच्या कडेवर. स्पॉयलर असेल तर त्याच्यावर भार देऊ नका, तो तुटतो, अशा वेळी बाजूने चढवा. कयाक गाडीच्या मागे सरळ रेषेत आणायची, नाक उचलून मॅटवर टेकवायचं, शेपटीखाली पायपुसणं किंवा जुना टॉवेल, म्हणजे डांबरावर घासत नाही. मग मागे जायचं, गुडघे वाकवायचे, कंबर नाही, आणि उचलता उचलता पुढे ढकलायचं. नाक पुढच्या बारवर आलं की अर्धी लढाई जिंकली, आता ती रुळावरच्या गाडीसारखी सरकते. मागच्या बारवर रोलर बसवला तर अजून सोपं. छतावर शार्क फिनसारखा अँटेना असेल तर त्याच्याकडे डोळा ठेवा, तो कुणालाच आठवत नाही आणि सगळ्यात आधी तोच जातो.

बाजूने चढवायची असेल तर यकिमाचा बोट लोडर म्हणून एक दांडा येतो, क्रॉसबारमधून बाहेर ओढायचा, नाक त्यावर टेकवायचं, शेपटी उचलून मागच्या बारवर ठेवायची आणि मग नाक आत घ्यायचं. एका वेळी अर्धंच वजन. पैसे खर्चायची तयारी असेल तर थुलेचा हलव्हेटर घ्या, तो क्रेडलच खाली कमरेपर्यंत उतरतो आणि वर जाताना गॅसच्या दांड्या ४० पौंडांपर्यंतचा भार उचलतात, पण त्याला कयाकची मर्यादा ७५ पौंड आणि रुंदीचीही अट आहे, आधी मोजून घ्या. खांद्याचं दुखणं असलेल्या माझ्या एका दोस्ताने तो घेतल्यापासून तो माझ्यापेक्षा जास्त वेळा पाण्यावर जातो.

बांधताना कयाक पालथी ठेवलेली मला आवडते, नुसत्या बारवर सुलटी ठेवून आवळली आणि वरून ऊन लागलं की प्लास्टिक मऊ होऊन तळाला खळगे पडतात. पट्टे साध्या कॅम बकलचे (नुसते हाताने ओढून घट्ट करायचे) घ्या. रॅचेट (दांडा हलवून आवळायचे) लावू नका, माणूस जोशात कटकट आवळत बसतो आणि कयाक चेपते. पट्टा बारच्या खालून घ्यायचा, रेलच्या बाहेरून नाही, आणि मध्ये एक पीळ द्यायचा, नाहीतर ताशी पन्नास मैलांच्या पुढे वाऱ्याने असा घोंघावतो की डोकं उठतं. नाकाला आणि शेपटीला एकेक दोरी, बॉनेटखालच्या आणि मागच्या हुकाला. हायवेवर शेजारून ट्रक गेला की कळतं ती कशासाठी. निघाल्यावर दहा मिनिटांनी थांबून सगळं एकदा हलवून बघा, पट्टे ढिले झालेलेच असतात. मागे चार फुटांहून जास्त बाहेर येत असेल तर बहुतेक राज्यांत लाल फडकं लावावं लागतं.

पार्किंगपासून पाण्यापर्यंत चाकांची गाडी घ्याच. कयाकच्या तळातल्या पाणी निघून जायच्या भोकांत दांडे घालायच्या गाड्या मिळतात, पण जड कयाकची भोकं त्याने तडकतात म्हणून खालून ठेवून पट्ट्याने बांधायची बरी. वाळूवर जायचं असेल तर फुग्यासारखी जाड चाकं, बारीक चाक वाळूत रुततं.

आणि छत नकोच असेल तर? आपल्या लोकांकडे ओडिसी नाहीतर सिएना अशी मिनीव्हॅन असतेच. मागची सीट पाडा, मधली पुढे सरकवा किंवा निघत असेल तर काढा, दहा फुटी अरुंद कयाक मागून आत सरकते, नाक पुढच्या दोन सीटांच्या मधून डॅशबोर्डपर्यंत येतं. उचलणं गुडघ्याएवढं. फक्त परत येताना गाडीला मासळी बाजाराचा वास येतो आणि सोमवारी त्याच गाडीतून मुलं शाळेत जातात, तो विषय घरी आपापल्या जबाबदारीवर. पिकअप असेल तर हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या खाचेत) बसणारा बेड एक्स्टेंडर, म्हणजे हौद्याच्या मागे आधार देणारी चौकट, घ्या, दुसरं काही नको. ट्रेलर सगळ्यात सोपा, कमरेच्या खालीच काम, पण नंबर प्लेट लागते, आणि टाउनहाऊसच्या असोसिएशनचे नियम आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी ट्रेलर बाहेर उभा करू देत नाहीत. हवेच्या कयाक आता चांगल्या कडक येतात, डिकीत मावतात, तळ्यावर झकास, पण वाऱ्यात पानासारख्या भरकटतात आणि घरी येऊन वाळवाव्या लागतात, नाहीतर बुरशी. शिवाय कुठल्याही कयाकला इलेक्ट्रिक मोटर लावली तर न्यू जर्सीत रजिस्ट्रेशन करावं लागतं, आणि मोटर-बॅटरीचं वजन परत तुमच्याच हातात.

एक राहिलं. कयाक छतावर असताना गॅरेजचा रिमोट गाडीतून काढून घरात ठेवा. दमून आलेला माणूस सवयीने बटण दाबतो आणि सरळ आत शिरतो, मी शिरलोय. कयाकला नुसता ओरखडा आला, गॅरेजच्या चौकटीची फळी मात्र बदलावी लागली.