राज्यसेवेचे वेळापत्रक आणि साचत जाणारा बॅकलॉग

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीला लागणाऱ्यांना अभ्यासक्रम, पुस्तकांची यादी आणि परीक्षेचे टप्पे ठाऊक असतातच, त्यामुळे त्यांविषयी येथे लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते वेळापत्रकाविषयी. पुण्यात नवी पेठेतल्या आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जी हुशार मुले वर्षानुवर्षे मागे पडताना पाहिली, त्यांतील बहुतेकांना पाळता न येणाऱ्या वेळापत्रकानेच खाल्ले, आणि त्या रांगेत मीही बराच काळ होतो.

हे घडते कसे, ते सावकाश सांगतो. सोमवारचे बारा तास रकान्यांत ठासून बसवलेले असतात. गावाहून कोणी भेटायला येते, मेसमध्ये गर्दी असते, दुपारी डोळा लागतो, आणि भूगोलाचे दोन तास राहून जातात. ते मंगळवारच्या रकान्यात ढकलले की मंगळवार चौदा तासांचा होतो. मुळात बारा तासही पुरे होणार नव्हते, त्यामुळे बुधवारवर आणखी ओझे चढते आणि शुक्रवारपर्यंत बॅकलॉग इतका साचतो की तक्त्याकडे पाहायचीच धास्ती वाटू लागते. मग रविवारी संध्याकाळी नवा तक्ता, नवे हायलायटर आणि नवा निश्चय. खरे नुकसान येथे होते, कारण नवे वेळापत्रक जवळजवळ नेहमीच पहिल्या प्रकरणापासून सुरू होते. कोणत्याही अभ्यासिकेत विचारून पाहा: सिंधू संस्कृती आणि मूलभूत हक्क सगळ्यांचे तीन-तीनदा झालेले असतात, तर अर्थव्यवस्था आणि विज्ञान पूर्व परीक्षा तोंडावर आली तरी कोरेच असते.

यावर उपाय साधा असला तरी मनाला पटायला वेळ लागतो. राहिलेला विषय दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात ढकलू नये. आठवड्यातील एक अर्धा दिवस आणि रविवार कोरा ठेवावा. राहिलेले तेथे बसले तर बसवावे, नाही तर पुढच्या उजळणीपर्यंत सोडून द्यावे. आणि आठवडा पूर्ण कोलमडलाच, तर जेथे थांबलो होतो तेथूनच पुढे जावे, पुन्हा पहिल्या पानावर येऊ नये. एखादा घटक अर्धवट राहिल्याने कोणी नापास होत नाही, पण अर्धा अभ्यासक्रम न उघडल्याने हमखास होतो.

दुसरी गोष्ट लक्ष्याच्या मापाची. ‘आज पंचायतराज, दोन तास’ हे लक्ष्य नव्हे, कारण दोन तास कसेही जातात. 73 वी घटनादुरुस्ती, अकरावे परिशिष्ट, त्यातील 29 विषय हे सगळे डोळ्यांखालून गेलेले असते. पण पंचायतींचा मधला, म्हणजे तालुका पातळीचा, स्तर सर्व राज्यांना बंधनकारक आहे, असे विधान समोर आले की हात अडखळतो, कारण 20 लाखांहून अधिक लोकसंख्या नसलेल्या राज्यांना दिलेली सूट वाचताना नजरेतून निसटलेली असते. ‘पंचायतराजवरील आयोगाचे मागील प्रश्न पुस्तक मिटून सोडवणे आणि चुकलेल्या प्रत्येक पर्यायाचे कारण लिहून ठेवणे’ हे लक्ष्य मात्र रात्री झाले की नाही, ते स्वतःला फसवता न येईल अशा रीतीने कळते.

गुणांचे लक्ष्यही असेच मोजून ठेवावे. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात 100 प्रश्न आणि 200 गुण असतात, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा वजा होतो. सर्व प्रश्न सोडवून 60 बरोबर आले तर पदरात 100 गुण पडतात; तेच 60 बरोबर ठेवून 20 अंदाजपंचे प्रश्न सोडून दिले तर 110. सीसॅट, म्हणजे पूर्व परीक्षेचा आकलन व बुद्धिमापनाचा दुसरा पेपर, पात्रतेपुरता, म्हणजे 33 टक्क्यांचा असला, तरी तो गृहीत धरू नये. मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक आहे, तेव्हा ‘सगळे वाचून झाल्यावर लिहायला घेईन’ हे वाक्य डोक्यातून काढून टाकावे. आठवड्याला एक-दोन उत्तरे, भिकार का होईनात, पहिल्या महिन्यापासून लिहावीत.

परीक्षेच्या तारखेला सगळे लक्ष्य बांधू नये, हेही जाता जाता सांगतो. 25 ऑगस्ट 2024 ची पूर्व परीक्षा अगदी तोंडावर पुढे ढकलली गेली आणि 1 डिसेंबरला झाली. ज्यांचा अभ्यास केवळ त्या तारखेच्या जोरावर चालला होता, त्यांतील कित्येकांचा दिवाळीपर्यंत विस्कटलेलाच राहिला.

मार्गदर्शकांविषयी माझे मत थोडे कडवट आहे. नव्वद दिवसांत पद मिळवून देणाऱ्यांचे आणि यशस्वी उमेदवारांच्या सोळा तासांच्या दिनक्रमाचे व्हिडिओ पाहण्यात गेलेला वेळ अभ्यासात धरू नये. दोनदा मुख्य परीक्षेत अडकलेला, अजून शेजारच्या टेबलावर बसणारा दादा किंवा ताई अधिक कामाची माहिती देते, कारण कोठे अडकलो हे त्यांना नेमके ठाऊक असते आणि त्यांना काही विकायचे नसते.

शेवटचे लक्ष्य थांबण्याचे. खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गांना 43 ही वयोमर्यादा आयोगाची आहे, आपली नव्हे. किती प्रयत्न करायचे, हे पहिल्याच वर्षी आई-वडिलांना आकड्यात सांगून ठेवावे आणि गट-क च्या, म्हणजे राज्यसेवेहून खालच्या पदांच्या, संयुक्त परीक्षेचा अर्ज कमीपणा न मानता भरावा. मी कर सहायक म्हणून रुजू झाल्यावर अभ्यासाचे तास निम्म्याहून कमी झाले, पण दर महिन्याला पैसे मागण्यासाठी घरी फोन करणे थांबले, आणि अर्थव्यवस्थेचा विषय पहिल्यांदा शेवटच्या प्रकरणापर्यंत गेला तो नोकरीतल्याच त्या वर्षी.