पेट पोर्ट्रेटची ऑर्डर घेताय? आधी कान बघा

सुरुवातीच्या एका ऑर्डरमध्ये मी एका गावठी कुत्र्याच्या कानाचा तुटका कोपरा फोटोत बघून नीट, टोकदार करून टाकला, मला वाटलं फोटोतच काहीतरी कापलं गेलंय. चित्र बघून ताई म्हणाल्या, "छान आहे हो, पण हा आमचा मोती नाही." नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला ओळख म्हणून छोटा कट देतात, तोच तो. तेव्हापासून पेन्सिल उचलायच्या आधी मालकाला फोन करतेच. कुठे डाग आहे, कुठला कान पडतो, खुश असला की तोंड कसं करतो, सगळं विचारून लिहून ठेवते.

फोटो आठ-दहा तरी मागा, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर क्वालिटी उतरते आणि डोळ्यातलं काही दिसतच नाही. खिडकीजवळचा उजेड हवा, फोन प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. फ्लॅश अजिबात नको, कुत्र्यामांजरांच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा थर असतो त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि खरा रंग कळत नाही.

मी वॉटरकलरमध्ये करते, ३०० जीएसएमचा कॉटन पेपर, त्यापेक्षा पातळ घेतला तर पाण्याने फुगतो. सुरुवात डोळ्यांपासून, कारण डोळे चुकले तर पुढचे चार तास वाया. चमकेचा ठिपका कोराच सोडायचा, पांढरा रंग नंतर लावला की तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो. बुबुळाचा वरचा भाग पापणीच्या सावलीमुळे गडद आणि खालचा उजळ, एवढं केलं तरी नजर जिवंत वाटते.

काळा कुत्रा असेल तर ट्यूबमधला काळा वापरू नका हो, चित्र मरून जातं. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा, निळं जास्त घातलं की थंड काळा, अंबर जास्त घातलं की उबदार. उन्हातल्या पाठीवर तर पातळ निळाच लावायचा. आणि एकेक केस काढत बसू नका, आधी केस कुठल्या दिशेला वळतात ते बघून ओले मोठे पॅच टाका, वाळल्यावर बारीक केस फक्त कानाच्या कडेला, गालावर आणि छातीवर.

पैशाचं म्हणाल तर निम्मे ॲडव्हान्स, आणि पेन्सिल स्केच मालकाने ओके केल्यावरच रंग. काय बदल असतील ते तेव्हाच. पावसाळ्यात कागद ओल धरतो, फ्रेमची काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर बुरशी येते.

गेलेल्या प्राण्याची ऑर्डर असेल तर घाई करू नका. माणसं फोटो शोधताना रडतात, दोन-दोन आठवडे उत्तर देत नाहीत, तेव्हा ॲडव्हान्ससाठी मागे लागायचं नाही. एकदा एका काकांनी फक्त एकच धूसर फोटो पाठवला, मग फोनवर तासभर सांगत राहिले की ती मांजर दार उघडायच्या आधीच कशी येऊन बसायची, मान थोडी डावीकडे करून. मी मान डावीकडेच काढली.