ससा खायला येतो, पण घास टाकून देतो: कारण दाढांत निघालं

आमचा ससा पाच महिन्यांचा. ताटलीकडे धावत यायचा, दाणा (सशांच्या तयार खाद्याची गोळी) तोंडात घ्यायचा आणि तसाच खाली टाकायचा. हनुवटी ओली, लेंड्या बारीक आणि कमी.

आधी दाण्याचा ब्रँड बदलला, मग कोथिंबीर दिली, पाण्याची बाटली काढून वाटी ठेवली. काही फरक नाही. पुढचे दात मी स्वतः पाहिले, एकदम सरळ. इथेच फसलो. चार दिवस वाया गेले, त्याचा राग अजून आहे.

उपयोग झाला तो असा. सशांवर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ऑटोस्कोप (कान तपासायचं दिवा लावलेलं उपकरण) तोंडात घालून दाढा पाहिल्या. खालच्या दाढेला जिभेच्या बाजूने टोक आलं होतं आणि ते जिभेला टोचत होतं. (सशाचे दात आयुष्यभर वाढतात, वरच्या दाढांची टोकं गालाकडे येतात.) भूल देऊन टोक घासलं. भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवू नका, असं त्यांनी बजावलं, कारण सशाला उलटी होत नाही.

घरी आल्यावर आधी वेदनाशामक, डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच. अर्ध्या तासाने भिजवलेल्या दाण्याची पातळ पेज सिरिंजने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, थेंब थेंब. मग समोर सुकं गवत. रोज सकाळी वजन. तिसऱ्या दिवशी गवताची काडी कुरकुर चावत आत ओढताना दिसला.

दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर माझ्यासारखे ब्रँड बदलत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.