सगळ्याला एकच स्प्रे? घरातलं आणि वर्कशॉपमधलं वंगण निवडताना या चुका टाळा

बिजागरी करकरली की हात स्प्रेच्या डब्याकडे जातो. दोन फवारे मारले की आवाज बंद होतो आणि काही दिवसांनी तीच करकर पुन्हा सुरू होते. मग आणखी फवारे. यात डब्याला दोष देण्यात अर्थ नाही, ते काम त्याचं नव्हेच. या प्रकारातला सगळ्यांत प्रसिद्ध स्प्रे, डब्ल्यूडी-४०, १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये तयार झाला तो धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर तो वापरला गेला. त्यात हलकं तेल असतं खरं, पण मोठा वाटा उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटचा, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवाचा. ते उडालं की मागे उरतो तेलाचा अगदी पातळ थर. गंजलेला नट सोडवायला, चिकटा काढायला, भिजलेलं हत्यार कोरडं करायला असा स्प्रे उत्तम. रोज फिरणाऱ्या, वजन पेलणाऱ्या भागाला तो पुरत नाही.

बॉल बेअरिंगवर तर तो मारूच नका. आतलं ग्रीस सॉल्व्हंटने पातळ होऊन बाहेर येतं. आवाज तात्पुरता थांबतो आणि बेअरिंग कोरडं पडतं. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेल्या बेअरिंगला बाहेरून तेल घालायचंच नसतं. त्यातून खरखर येऊ लागली की ते बदलायचं.

आकडा वाचला, पण चुकीच्या पट्टीवर

ही चूक अनुभवी माणसंही करतात. तेलाचा दाटपणा सांगणाऱ्या आयएसओ व्हीजी आणि एसएई या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. मशीनच्या पुस्तिकेत ‘आयएसओ व्हीजी ३२’ लिहिलेलं असतं आणि कपाटात ‘एसएई ३०’ असतं. आकडे जवळपास सारखेच, म्हणून तेल ओतलं जातं. प्रत्यक्षात एसएई ३० हे आयएसओच्या पट्टीवर साधारण १०० च्या आसपास येतं, म्हणजे हवं होतं त्याच्या तिप्पट जाड.

आयएसओचा आकडा ४० अंश सेल्सिअसला तेल किती जाड आहे ते सेंटिस्टोक या दाटपणाच्या एककात सांगतो, दहा टक्के इकडेतिकडे. एसएई ३० चा दाटपणा १०० अंशांना ठरवतात, कारण ती पट्टी तापलेल्या इंजिनासाठी आहे. ढोबळमानाने एसएई १०डब्ल्यू म्हणजे व्हीजी ३२ आणि एसएई २० म्हणजे व्हीजी ६८ धरून चाला. गिअर ऑइलवरचा ९० हा आणखी तिसऱ्याच पट्टीवरचा. ते इंजिन ऑइलच्या ४०-५० इतकंच जाड असतं.

वेगाने फिरणाऱ्या हलक्या भागाला पातळ तेल, सावकाश सरकणाऱ्या जड भागाला जाड. शिवणयंत्राला व्हीजी १० ते २२ मधलं स्वच्छ, रंगहीन तेल. लेथच्या बेडसाठी व्हीजी ६८ चं स्लाइडवे ऑइल, कारण ते चिकटून राहतं आणि बेडवरून सरकणारा हत्याराचा भाग, म्हणजे कॅरेज, अडखळत सरकत नाही. बाकी सर्वसाधारण कामाला एकच तेल ठेवायचं असेल, तर माझं मत व्हीजी ३२ किंवा ४६ च्या हायड्रॉलिक ऑइलला. त्यात गंज आणि झीज रोखणारे घटक असतात, ते लवकर खराब होत नाही, आणि बिजागरी, व्हाइसचा स्क्रू, ड्रिल मशीनचा कॉलम, हत्यारांवर फिरवायचा तेलाचा हात असं सगळं त्यात भागतं. दिसायला काहीच खास नाही, म्हणून घरगुती वापरासाठी ते कुणाला सुचत नाही.

इंजिन ऑइल उरलंय, तेच घालू

बिजागरीला किंवा फाटकाच्या कडीला घातलंत तर काही बिघडत नाही. पण इंजिन ऑइलमधले डिटर्जंट मळ तेलात तरंगत ठेवतात, म्हणजे फिल्टरने तो पकडावा. जिथे फिल्टरच नाही, तिथे तो मळ तेलाबरोबर फिरत राहतो. पिस्टनच्या एअर कॉम्प्रेसरमध्ये तर हवेतल्या ओलाव्याशी मिसळून असं तेल दुधाळ होऊ शकतं. तिथे कॉम्प्रेसर ऑइलच घाला. वापरलेलं काळं तेल कुठेही नको. त्यात धातूचे कण आणि आम्लं असतात, शिवाय ते त्वचेला घातक आहे.

स्वयंपाकाचं तेल आणि जाम झालेलं शिवणयंत्र

खाद्यतेल सुरुवातीला झकास चालतं, हाच त्याचा धोका. हवेतल्या ऑक्सिजनने ते हळूहळू घट्ट होतं आणि पिवळट, चिकट थर धरतो. जवसाच्या तेलाचा हाच गुण रंगात आणि वॉर्निशात उपयोगी पडतो. खोबरेल तेल असं लवकर सुकत नाही, पण साधारण २४ अंशांखाली थिजतं.

यंत्र असं जाम झालं असेल तर जोर लावून चाक फिरवू नका. प्लग काढा. दोरा, सुई आणि बॉबिन काढून ठेवा. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा आणि थोडं थांबून चाक हाताने मागेपुढे करा. काळा-पिवळा चिकटा बाहेर येईल, तो फडक्याने पुसा. गरज पडली तर पुन्हा करा. रॉकेल पूर्ण उडून वास गेल्याशिवाय मोटर लावू नका. मग शिवणयंत्राचं तेल घाला आणि आधी जुन्या कापडावर थोडा वेळ चालवा, नाहीतर चांगल्या कापडावर डाग पडलेच म्हणून समजा. रॉकेलवरच काम भागवू नका. ते धुतं, वंगण करत नाही.

तेल नकोच, अशा जागा

कुलपात तेल घातलं की धूळ बसून त्याची लुकण होते. तिथे ग्रॅफाइट पावडर किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे वापरा. आधीच तेल गेलं असेल तर ते साफ करून मगच ग्रॅफाइट, दोन्ही मिळून काळा लगदा होतो. दारा-खिडक्यांच्या रबराला सिलिकॉन स्प्रे बरा, कारण खनिज तेलाने काही रबरं फुगतात. मात्र जिथे रंगकाम किंवा पॉलिश करायचंय, तिथे सिलिकॉनचा फवारा उडू देऊ नका, नव्या रंगात खड्डे पडतात. ब्रेकच्या डिस्कला तेलाचा हातही लागू नये. ऑक्सिजन सिलिंडरच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही नाही, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं.

तेल घालूनही आवाज जात नसेल तर

बहुतेक वेळा तेल कमी पडलेलं नसतं, आत पोहोचलेलं नसतं. बिजागरीची पिन वर काढा, गंज आणि जुना चिकटा घासून पुसा, पिनला तेलाचा हात फिरवा आणि परत बसवा. बाहेरून दहा थेंब ओतण्यापेक्षा याने काम होतं. ओघळलेलं तेल लगेच पुसा, नाहीतर तिथेच धूळ बसते. पंख्याच्या किंवा छोट्या मोटरच्या सच्छिद्र ब्राँझच्या बुशला (ज्यात शाफ्ट फिरतो त्या नळीला) ग्रीस लावलं असेल, तर छिद्रं बुजून बुश कोरडं चालत असण्याची शक्यता असते. ग्रीस काढून तिथे बिनडिटर्जंट एसएई २० तेलाचे थेंब द्या. त्यानंतरही खडखड राहिली तर वीज बंद करून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. तो डुगडुगत असेल तर बुश झिजलंय. जाड तेलाने आवाज दबेल, पण बुश बदलावंच लागेल.