दुकानाच्या नावाचं पेन छापून वाटायचंय? आधी रिफिल बघा, लोगोचं नंतर

दुकान असो, क्लास असो, क्लिनिक असो नाहीतर पतसंस्था, नवीन वर्ष जवळ आलं की नाव छापलेली पेनं वाटायचा विषय निघतोच. आणि बरेच जण काय करतात, गिफ्टवाल्याकडे जातात, सगळ्यात स्वस्त पेन दाखव म्हणतात, व्हिजिटिंग कार्ड त्याच्या हातात देतात आणि यावरचं सगळं पेनावर टाक असं सांगून परत येतात. पेनं येतात, वाटूनही होतात, पण लिहायला घेतलं की अक्षर तुटतं, ग्राहक दोनदा झटकून बघतो आणि टाकून देतो. टाकताना पेनावरचं नाव तो वाचतोच, आणि ते नाव तुमचं असतं. म्हणून माझं सांगणं एकच आहे, पेनाच्या बजेटमधला पहिला रुपया रिफिलवर जाऊ दे, बाकी छपाई, रंग, डबी हे सगळं त्याच्यानंतर.

पेनातून जाहिरात होते कशी, ते आधी बघू

पॅम्प्लेट हातात आलं की दोन मिनिटांत जातं, कॅलेंडर एका भिंतीला टांगलं की वर्षभर तिथेच राहतं, पेन मात्र फिरतं. बँकेत स्लिप भरताना कोणीतरी "जरा पेन देता का" म्हणून मागतं आणि तसंच खिशाला लावून निघून जातं, कुरिअरवाल्याला सही द्यायला पेन दिलं की ते त्याच्याबरोबर पुढच्या चार घरी पोचतं. तुम्हाला वाटतं पेन हरवलं, पण जाहिरातीच्या हिशोबाने ते नवीन माणसाकडे पोचलेलं असतं. दुसरं म्हणजे चालू पेन टाकून द्यायला कोणाचंच मन होत नाही, अगदी पुठ्ठ्यासारखं दिसणारं असलं तरी. चांगली रिफिल एक-दोन किलोमीटर रेघ ओढते, म्हणजे रोज थोडंफार लिहिणाऱ्या माणसाकडे ते कित्येक महिने टिकतं आणि तेवढे दिवस तुमचं नाव त्याच्या बोटांत असतं. याची ताकद किती, तर अमेरिकेतल्या औषध कंपन्यांच्या संघटनेने जानेवारी २००९ पासून स्वतःच्या आचारसंहितेत डॉक्टरांना ब्रँडच्या नावाची पेनं आणि कॉफीचे मग वाटणं बंद केलं. एवढीशी वस्तू, पण तिचीसुद्धा दखल घ्यावी लागली.

आणि ही वस्तू काही पहिल्यापासून फुकट वाटण्याजोगी नव्हती. लास्लो बिरो नावाच्या हंगेरियन पत्रकाराने १९३८ मध्ये बॉलपेनचं पेटंट घेतलं, पुढे तो अर्जेंटिनात गेला, आणि २९ ऑक्टोबर १९४५ ला न्यूयॉर्कमध्ये रेनॉल्ड्सचं बॉलपेन विक्रीला आलं तेव्हा त्याची किंमत साडेबारा डॉलर होती. १९५० मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल बिक यांनी स्वस्त बिक क्रिस्टल आणलं, आणि पेन सामान्य माणसाच्या खिशाला परवडायला लागलं.

पेन कोणाच्या हातात जाणार?

हा प्रश्न गिफ्टवाल्याकडे जायच्या आधी घरी बसून सोडवा. हार्डवेअरचं दुकान असेल तर तुमचं पेन प्लंबर, सुतार, कॉन्ट्रॅक्टर वापरणार, ते प्लायवर, खोक्यावर, सिमेंटच्या गोणीवर लिहितात, त्यांना १.० मिलिमीटरची जाड टिप आणि दणकट बॉडी पाहिजे, नाजूक सोनेरी पेन त्यांच्या कामाचं नाही. क्लासवाल्यांनी मुलांना द्यायचं तर ०.६ किंवा ०.७ टिप, रबर ग्रिप आणि हलकं वजन, कारण ती मुलं तीन-तीन तास लिहिणार आहेत, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात तेव्हा जानेवारीतच हातात द्या म्हणजे त्याच पेनाची सवय होईल. स्पर्धा परीक्षेचा क्लास असेल तर गोल भरायच्या ओएमआर शीटसाठी काळी शाई, बाकी सगळ्यांना निळी चालते. लहान मुलांना वाटणार असाल तर टोपणाच्या टोकाला भोक आहे का बघा, टोपण चुकून घशात गेलंच तर थोडी तरी हवा जावी म्हणून ते ठेवलेलं असतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायचं असेल तर टिकटिक पेन बरं, टोपण हरवायची भानगड नाही. आणि सीए, वकील, मोठे ग्राहक अशा मोजक्या लोकांसाठी मेटलचं पेन घ्या, पण थोडीच घ्या. सगळ्यांना मेटल द्यायची काही गरज नाही.

आता रिफिल

बॉलपेनच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटरची किंवा त्याहूनही लहान गोळी असते, चांगल्या पेनात टंगस्टन कार्बाइडची, ती पितळेच्या किंवा तशाच धातूच्या खोबणीत फिरते, आतल्या बाजूने घट्ट तेलकट शाई घेते आणि बाहेर कागदावर ठेवते. गोळी आणि खोबणी यांच्यात फट जरा जास्त झाली की शाईचे ठिपके पडतात, कमी झाली की पेन कोरडं चालतं. सगळा खेळ त्या फटीचा आहे आणि स्वस्त मालात नेमकी तिथेच काटछाट होते. जाहिरातीच्या पेनात दोन प्रकार जास्त दिसतात, एक डायरेक्ट फिल, म्हणजे शाई सरळ बॉडीतल्या नळीत, संपलं की फेकायचं, आणि दुसरा रिफिल बदलता येणारा. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे, पण एक अट आहे, आत बाजारात सहज मिळणारी रिफिल बसली पाहिजे. बसत नसेल तर पेन बदलता येणारं असून उपयोग काय?

दुकानात बसूनच टेस्ट करा, लाजू नका. एक नाही, एकाच बॉक्समधली पाच-सहा पेनं वेगवेगळ्या ठिकाणाहून उचला. नवीन पेनाच्या टोकावर बारीक मेणाचा थेंब असतो, त्यामुळे पहिल्या दोन रेघा सोडून द्या. मग वहीच्या कागदावर आठ-आठचे आकडे न थांबता काढत जा, मध्ये रेघ तुटते का आणि वळणावर शाईचा गोळा साठतो का ते दिसतं. नंतर गुळगुळीत कागदावर लिहा, बिलाच्या थर्मल कागदावर, पासबुकाच्या पानावर, तुमचा ग्राहक अशाच ठिकाणी लिहिणार आहे. लिहिलेल्यावर लगेच बोट फिरवून बघा. शेवटी दोन पेनं घरी आणा, एक रात्रभर टोक वर करून ग्लासात उभं ठेवा आणि एक दुपारभर उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा. विदर्भ-मराठवाड्याकडे वाटायची असतील तर ही दुसरी टेस्ट सोडूच नका, उन्हाने शाई पातळ होऊन खिशात गळली तर शर्टावरचा डाग तो माणूस विसरणार नाही. या सगळ्यातून पास झालेलं पेन रुपया-दोन रुपयांनी महाग पडलं तरी तेच घ्या.

नाव काय आणि किती छापायचं

पेनावर छापायला जागा मिळते साधारण चार ते पाच सेंटिमीटर लांब आणि पाऊण सेंटिमीटरच्या आत रुंद. एवढ्यात दुकानाचं नाव, काय मिळतं ते दोन-तीन शब्दांत आणि एक मोबाईल नंबर, बस. पत्ता, दोन मालकांची नावं, ईमेल, देवाचा फोटो, हे सगळं कोंबलं की कोणी काहीच वाचत नाही. क्यूआर कोड पण टाकू नका, गोल आणि बारीक बॉडीवर तो नीट स्कॅन होत नाही. जास्त माहिती द्यायचीच असेल तर बॅनर पेन मिळतं, बाजूने पट्टी ओढली की आतून छापील कागद बाहेर येतो, त्यावर कॅलेंडर किंवा रेटकार्ड बसतं, क्लासच्या बॅचच्या वेळा पण मस्त बसतात.

मराठीत छापायचं असेल तर इथे जरा जास्त लक्ष द्या. इंग्रजी अक्षर दोन मिलिमीटर उंचीला वाचता येतं, देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्यामुळे तेवढ्या उंचीत मूळ अक्षर अगदीच बारीक होतं. "सिद्धिविनायक ज्वेलर्स" घ्या, त्यातला द्ध शाईने भरून जातो आणि र्स वरचा रफार उडतो. तेव्हा मराठी नाव एका ओळीत मोठं घ्या, सरळ जाडीचा फाँट वापरा, कॅलिग्राफी टाळा. फाइल देताना डिझायनरला कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमधून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, द्यायला सांगा, नाहीतर श्रीलिपीसारख्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. व्हॉट्सॲपवरून आलेला लोगोचा फोटो छपाईला चालत नाही, मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही लहान-मोठी केली तरी कडा न फाटणारी, ती शोधा, नसेल तर एकदा नीट ट्रेस करून घ्या, पुढे जन्मभर उपयोगी पडते.

अजून दोन गोष्टी, ज्या गिफ्टवाला सहसा स्वतःहून विचारत नाही. लिहिताना खालचा अर्धा भाग बोटांखाली झाकला जातो म्हणून छपाई वरच्या भागात घ्यायची, आणि मजकूर टोकाच्या बाजूने सुरू होऊन वर जाणारा ठेवायचा, उजव्या हातात पेन धरलं की तो सुलटा वाचता येतो. खिशाला लावल्यावर तर फक्त क्लिप दिसते, क्लिप रुंद असेल तर नुसतं नाव तिच्यावर घ्या.

छपाईचे प्रकार

प्लास्टिकच्या पेनावर जास्त करून पॅड प्रिंटिंग किंवा स्क्रीन प्रिंटिंग होतं. पॅड प्रिंटिंगचं काम एकदा समोर उभं राहून बघण्यासारखं आहे. धातूच्या प्लेटवर तुमचं नाव खोदलेलं असतं, त्या खोलगट अक्षरांत शाई भरते, वरून सिलिकॉनचा मऊ गोळा येतो, प्लेटवर दबतो, शाई उचलतो आणि पुढे जाऊन पेनावर दबतो. मधल्या क्षणात शाई पातळ ठेवणारं सॉल्व्हंट उडून ती चिकट होते म्हणूनच ती गोळ्यावरून सुटून पेनाला धरते. गोळा मऊ असल्यामुळे गोल बॉडीवर पण अक्षर नीट बसतं. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते, म्हणून एकाच रंगात काम करा, पांढऱ्या बॉडीवर गडद निळा किंवा लाल सगळ्यात स्वच्छ दिसतो. गडद बॉडीवर पांढरं छापायचं तर कधी कधी दोन हात मारावे लागतात.

बॉडी कसली आहे तेही विचारा. एबीएस प्लास्टिकवर शाई चांगली धरते, पॉलिप्रॉपिलिन या दुसऱ्या प्लास्टिकवर मात्र आधी प्रायमर लावल्याशिवाय किंवा ज्वाळेवरून फिरवल्याशिवाय ती टिकत नाही, नखाने खरवडलं की सोलून येते. फोटो किंवा खूप रंग पाहिजेत तर यूव्ही प्रिंट, म्हणजे यूव्ही प्रकाशाने शाई वाळवणारी छपाई. मेटलवर लेझर, त्यात वरचा रंगाचा थर उडून खालचा धातू दिसतो, ते कधीच पुसलं जात नाही, आणि ब्लॉक, म्हणजे नाव खोदलेली ती प्लेट, लागत नसल्यामुळे प्रत्येक पेनावर वेगळं नाव घालता येतं. निवृत्त होणाऱ्या सरांना किंवा खास ग्राहकाला त्याच्याच नावाचं पेन द्या, दुकानाचं नाव बारीक अक्षरात क्लिपजवळ, असं पेन कोणी दुसऱ्याला देत नाही.

ऑर्डर, पैसे आणि तपासणी

घाऊक माल मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौकाच्या भागात मिळतो, पण संख्या कमी असेल तर गावातला प्रिंटर बरा, काही चुकलं तर उद्या जाऊन बोलता येतं. भाव विचारताना ब्लॉकचा चार्ज वेगळा का, छपाई धरून भाव आहे का, जीएसटी वरून का, हे तिन्ही एकदमच विचारा. आणि एक गोष्ट सीएला विचारून ठेवा, फुकट वाटलेल्या भेटवस्तूंवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तसं आहे, म्हणजे भरलेला टॅक्स खर्चातच धरायचा.

सगळा लॉट छापायच्या आधी एक खरं पेन छापून मागा, स्क्रीनवरचं चित्र पुरेसं नाही. त्यावरचा नंबर बघून स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावा, डोळ्याने वाचून अंकांची अदलाबदल सुटते, फोन लावल्यावर सुटत नाही. मग एक दिवस वाळू द्या, सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा, सॅनिटायझर लावलेल्या बोटाने घासा. अक्षर जागच्या जागी राहिलं तर ओके द्या. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, तेव्हा घाई करायला लावू नका. माल आल्यावर वेगवेगळ्या बॉक्समधून पाच-दहा पेनं चालवून बघा, आणि एका वर्षात संपेल एवढाच माल घ्या, नुसतं पडून पण शाई सुकते.

वाटायचं कसं

ढीग करून काउंटरवर ठेवलेली पेनं मुलं मूठभर उचलतात. त्यापेक्षा बिलावर सही घेताना पेन पुढे करा आणि "राहू द्या तुमच्याकडेच" म्हणा, त्या माणसाने ते आत्ताच चालवून बघितलेलं असतं, म्हणून तो आवडीने ठेवतो. जिथे लोकांना पेन लागतंच तिथे द्या, बँकेचा कॅशियर, तलाठी कार्यालयाबाहेरचा अर्ज लिहून देणारा, पोस्टातला एजंट, झेरॉक्सवाला. अशा एका जागेचं पेन दिवसभरात कितीतरी हातांत जातं. रिफिल बदलता येणारं पेन दिलं असेल तर दुकानात रिफिलचं पाकीट ठेवा आणि संपली की फुकट बदलून देतो असं सांगा, रिफिलचा खर्च किरकोळ आणि माणूस परत दुकानात येतो.

फायदा झाला का हे कळण्यासाठी पेनावर वेगळा नंबर छापा, जुना जास्तीचा सिम असतोच, त्यावर आलेला प्रत्येक फोन पेनामुळे आला हे उघड आहे. ते जमत नसेल तर नवीन ग्राहकाला "आमचं कुठून कळलं" हे विचारायची सवय काउंटरवरच्या मुलाला लावा आणि वहीत एक रकाना आखून द्या. छपाईवाल्याकडून फाइल आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या, ब्लॉकचे पैसे तुम्हीच दिलेले असतात, पुढच्या ऑर्डरला तो खर्च वाचतो. आणि ती ऑर्डर दिवाळीनंतर लगेच द्या, डिसेंबरच्या शेवटी प्रिंटरकडे डायऱ्या आणि कॅलेंडरांची गर्दी असते, तेव्हा सॅम्पल बघायला कोणाकडेच वेळ नसतो.