ग्रेबर यांच्या भाषांतराविषयी प्रश्न विचारताना

यहोवाच्या साक्षीदारांच्या (एका ख्रिस्ती पंथाच्या) प्रकाशनांनी योहानेस ग्रेबर यांच्या ‘नव्या करारा’च्या भाषांतराचा आधार घेतला होता, याविषयी विचारायचे असल्यास सुरुवात आरोपाने न करता तारखांनी करावी. ग्रेबर हे पूर्वाश्रमीचे कॅथलिक धर्मगुरू असून मृतात्म्यांशी संवादाचे पुरस्कर्ते होते. त्यांचा ‘नवा करार’ १९३७ मध्ये इंग्रजीत निघाला. १५ फेब्रुवारी १९५६ च्या ‘टेहळणी बुरूज’ या साक्षीदारांच्या नियतकालिकाच्या इंग्रजी अंकाने त्यांचा आत्म्यांशी असलेला संबंध स्वतःच नोंदवला होता. तरीही योहान १:१ च्या, म्हणजे शब्द ‘एक देव’ होता या आपल्या भाषांतराच्या समर्थनार्थ साक्षीदारांच्या १९६२ च्या पुस्तिकेत ग्रेबर यांचे नाव आले. पुढे १ एप्रिल १९८३ च्या अंकाने, ग्रेबर यांच्या भाषांतराच्या १९८० च्या आवृत्तीतील प्रस्तावनेकडे बोट दाखवून, हा वापर थांबवल्याचे सांगितले.

खरा प्रश्न १९५६ ते १९८३ या २७ वर्षांच्या अंतराचा आहे, आणि तो तेवढाच ठेवावा. मूळ पाने मिळवून संपूर्ण परिच्छेद वाचावा. कात्रणांवर विसंबू नये. दाखला दिला म्हणजे भूतविद्या आचरली, असे मात्र म्हणू नये, कारण हा पंथ तिला स्पष्टपणे निषिद्ध मानतो. मंडळीतील वडिलांना (म्हणजे तिचे नेतृत्व करणाऱ्या ज्येष्ठांना) विचारायचे तर एकांतात, पाने समोर ठेवून, “१९५६ मध्ये जे ठाऊक होते, ते १९६२ मध्ये का आड आले नाही?” एवढेच विचारावे.